बाराशे वीस अंश

अंड्यांचे रिकामे खोके, नऊ.

*

अमेरिकेतल्या पाव डॉलरच्या नाण्याचा व्यास २४.२६ मिलिमीटर असतो.

*

"नदीत नको हं. मला पोहता येत नाही."

*

भूतानमध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, अमेरिकेत उजव्या. त्यामुळे एखाद्या टेकडीला वळसा घालायची वेळ आली, की ह्या दोन देशांतली माणसं विरुद्ध दिशांना निघतात.

*

गॅरेजमधल्या फळीवर, रंगाच्या डब्यांशेजारी, कॉफीचा एक लाल डबा. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने: ‘उरलेलं. टाकू नये.’

*

दोन किलो शंभर ग्रॅम.

*

ह्या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, हे कळायला प्रल्हादला चौदा महिने लागले, आणि ते कळलं तेव्हा तो दहा हजार फुटांवर एका ओल्या पायरीवर बसलेला होता.

पण आधी तो कोण ते सांगायला हवं. प्रल्हाद चौऱ्याहत्तर वर्षांचा, मूळचा कराडचा. बनारसला सिरॅमिक शिकला आणि १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला आला, पीएच.डी. करून परत जायचं म्हणून. मग लॅब मिळाली, लग्न झालं, उर्वी झाली, घर झालं. माती भाजली की तिचं काय होतं हे त्याने त्याच युनिव्हर्सिटीत अडतीस वर्षं पाहिलं. त्याने केलेले तुकडे कुठल्या कुठल्या यंत्रांत बसले. एकही परत आला नाही, हे तो पाहुण्यांना आवर्जून सांगायचा, आणि सुचित्रा स्वयंपाकघरातून म्हणायची, "परत यायला ते काय मोलकरणीकडे दिलेले डबे आहेत?"

सुचित्रा, त्याची बायको, गावच्या लायब्ररीत लहान मुलांच्या विभागात होती. २०२३च्या फेब्रुवारीत गेली. स्वादुपिंड. निदान झाल्यापासून अकरा आठवडे.

*

२०१८च्या ऑक्टोबरात ती दोघं एका मराठी ग्रुपबरोबर भूतानला गेली होती. थिंफूहून पुनाख्याला जाताना दोचुला नावाची खिंड लागते. खिंडीत मधोमध एक उंचवटा, रस्ता त्याला वळसा घालून जातो, आणि उंचवट्यावर एकशे आठ स्तूप, एकाच्या वर एक अशा तीन ओळींत. तिथले लोक त्यांना चोर्तेन म्हणतात. २००३ साली दक्षिणेच्या सीमेवर झालेल्या लढाईत जे भूतानी सैनिक गेले, त्यांच्यासाठी तिथल्या राणीने ते बांधून घेतले.

त्या दिवशी धुकं इतकं, की एकशे आठांतले वीस-पंचवीसच दिसत होते. ग्रुप चहाला पळाला. सुचित्रा मात्र एका कपारीपाशी उकिडवी बसून आत बघत राहिली. कपारीत मातीचे अंगठ्याएवढे स्तूप होते, शेकड्याने. काही पांढरे, काही तांबूस, काही पार झिजून गेलेले. किन्ले नावाचा गाइड तिला ते काय आहे ते सांगत होता. त्यातलं प्रल्हादला आठवत होतं ते एवढंच: ह्याला त्सा-त्सा म्हणतात, मेलेल्या माणसाची राख मातीत कालवायची, साच्यातून एकशे आठ काढायचे, आणि अशा जागी ठेवायचे.

सुचित्रा गुडघ्यावर हात ठेवून उठली. "अहो, मला असं ठेवाल?"

"आत्ता?"

"आत्ता चहा प्यायचाय. नंतर." आणि चार पावलं गेल्यावर, मागे न बघता, "नदीत नको हं. मला पोहता येत नाही."

प्रल्हाद हसला होता.

*

"अस्थी अजून गॅरेजमध्येच?" नीना फोनवर म्हणाली. नीना म्हणजे सुचित्राची धाकटी बहीण, कोथरूडला असते. "अहो भाऊजी, वर्ष होत आलं. तुम्ही फक्त घेऊन या. नाशिकला मी येते बरोबर."

"तिला नदी नको होती."

"असं कुठे लिहून ठेवलंय तिने?"

"बोलली होती."

"थट्टेत बोलली असेल. तुम्हाला माहितीये ती कशी होती."

"थट्टेतच बोलली," प्रल्हाद म्हणाला. "हे घरसुद्धा तिने थट्टेतच मागितलं होतं."

नीनाने नाशिकचा विषय सोडला. मग म्हणाली, "निदान दूध-बिध शिंपडा हो त्याच्यावर," आणि फोन ठेवताना रडायला लागली.

*

दोन किलो शंभर ग्रॅम राख एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत आली होती, पिशवी एका डब्यात, डब्यावर नाव आणि नंबर. प्रल्हादने ती उघडली आणि धंद्याच्या सवयीने चिमूट बोटांत चोळून पाहिली. जाडसर. चाळायला लागेल. मग आपण काय करतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात धुतले.

पुढचा प्रश्न प्रमाणाचा. भूतानमध्ये चिमूटभर राख घालत असतील, बाकी माती. प्रल्हादला हे पटेना. चिमूटभर म्हणजे उरलेल्या सुचित्राचं काय करायचं? हाडांच्या राखेची भांडी करायची एक जुनी रीत आहे, बोन चायना. तीत निम्मी राख असते, बाकी पांढरी माती आणि दळलेला दगड. हे त्याच्या हातात मुरलेलं काम होतं. सुचित्राने बोन चायनाचे कप घरात कधी येऊ दिले नव्हते. "हाडांतून चहा नको मला," ती म्हणायची. प्रोफेसर लोकांनी भेट दिलेले दोन सेट तिने परस्पर लायब्ररीच्या सेलमध्ये देऊन टाकले होते.

ते त्याला आठवलं. त्याने तरी प्रमाण निम्मंच धरलं.

साचा फोनमधल्या फोटोवरून केला. त्या दिवशीचे तीन फोटो होते: दोन धुक्याचे, तिसरा कपारीतल्या एका त्सा-त्साचा, शेजारी पाव डॉलरचं नाणं. नाण्यावरून उंची निघाली, पायाचा घेर निघाला, वरचं टोक कितपत निमुळतं तेही. प्लास्टरचा साचा दोन अर्धुकांत. आधी बाजारच्या राखेचे तीस नग करून पाहिले. नऊ तडकले, त्याने दळलेला दगड वाढवला. दुसऱ्या खेपेला एकही तडकला नाही.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला उर्वी आली. उर्वी त्यांची एकुलती एक, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. गॅरेजमध्ये लाकडी फळ्यांवर ओळीने सुचित्रा वाळत होती. उर्वी कोटाच्या खिशात हात घालून दारातच उभी राहिली.

"हे सगळं आई आहे?"

"निम्मं."

"आणि आता?"

"वाळलं की भाजायचं."

"किती टेंपरेचरला?"

"बाराशे वीस."

"अँड दे डिड हर ॲट?"

"नऊशेच्या आसपास असतं ते."

उर्वी फळीजवळ आली. कडेला छाटलेल्या मातीची कोरडी पापुद्र्यासारखी कात्रणं पडली होती, ती तिने बोटाने एकत्र लोटली. "बाबा, यू आर पुटिंग हर इन द फायर ट्वाइस."

प्रल्हादने कात्रणं ब्रशने गोळा करून लाल डब्यात टाकली. भट्टीवाला माणूस कच्ची माती कधी फेकत नाही, भिजवली की ती पुन्हा कामाला येते. झाकण लावून त्याने पट्टीवर लिहिलं. उर्वीने ते वाचलं आणि आत जाऊन बटाटे सोलायला लागली.

*

नोंदवही, ३ फेब्रुवारी. शनिवार. भट्टी सकाळी सहा पन्नासला सुरू. तासाला सुमारे दीडशे अंश. बाहेर उणे चार. गॅरेजचं दार हातभर उघडं.

नोंदवही, तोच दिवस. अकरा वाजता सहाशे. शेजारच्या नेत्राकाकू साबुदाण्याची खिचडी देऊन गेल्या. भट्टीत काय आहे विचारलं. सांगितलं नाही.

नोंदवही. दोन चाळीस. बाराशे वीस. वीस मिनिटं धरलं. बंद.

नोंदवही. एक वर्ष आजच झालं हे भट्टी लावताना ठरवलेलं नव्हतं. कॅलेंडर नंतर पाहिलं.

*

भट्टी थंड होईपर्यंत उघडायची नसते. त्याने रविवारी दुपारी उघडली. एकशे आठही धड होते. माती आवळून ते थोडे लहान झाले होते, आणि पांढरे, अगदी पांढरे. बोटाच्या नखाने वाजवले तर टण्ण.

त्याने एक उचलून दिव्यासमोर धरला. बोन चायनाचा तो गुण आहे, पातळ जागेतून उजेड आरपार येतो. टोकाकडून आला. पिवळसर, उबदार. प्रल्हाद अडतीस वर्षं असा उजेड बघत आला होता आणि दर वेळी त्याने तो वहीत आकड्यात लिहिला होता. ह्या वेळी त्याने दिवा मालवला, खुर्चीवर बसला आणि तो तुकडा कोमट होता तोवर मुठीत धरून ठेवला.

*

न्यायचे कसे? बबल रॅपमध्ये घासले जातात. शेवटी त्याला अंड्यांचे खोके सुचले. बारा नवे एकशे आठ. हिशेब इतका चोख बसला, की त्याला सुचित्राला हाक मारावीशी वाटली.

"आई अंडं खात नव्हती," एअरपोर्टवर उर्वी म्हणाली.

"साबणाने धुतलेत."

"बाबा, ते पुठ्ठ्याचे आहेत. तू पुठ्ठा साबणाने धुतलास?"

"दोन खराब झाले. नवीन आणले."

तिने वडिलांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातली बॅग काढून आपल्या खांद्यावर घेतली.

*

एप्रिल. त्याने मुद्दाम पत्रव्यवहार करून किन्लेलाच गाठलं होतं. किन्लेच्या कानशिलावर आता पांढरे केस होते. त्याला सुचित्रा आठवत होती. "वो मैडम," तो म्हणाला, "जो बैठ के देखती थी. बाकी सब चाय पीते थे." तो पारोच्या विमानतळापासून थिंफूपर्यंत जास्त बोलला नाही, फक्त एकदा आरशातून म्हणाला, "सॉरी, सर."

ह्या खेपेला धुकं नव्हतं. गाडी खिंडीत शिरली आणि एकशे आठच्या एकशे आठ चोर्तेन समोर आले. पांढऱ्या भिंती, वर तांबडा पट्टा, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. मागे सुरूच्या झाडांची काळी रांग आणि तिच्या पलीकडे बर्फ. उर्वी म्हणाली, "ओह." माणसं होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एक म्हातारी माळ ओढत चालत होती. तिच्या ओठांची हालचाल एवढाच काय तो आवाज.

कपार जागेवर होती. आतले स्तूप मात्र वेगळे होते, ते प्रल्हादला लगेच कळलं. फोटोतला तो, नाण्याशेजारचा, कुठेच दिसेना.

उर्वीने पहिला खोका उघडला. किन्लेने दोन्ही हातांनी एक त्सा-त्सा उचलला, कपाळाला लावला. मग तो थांबला. नखाने हलकेच वाजवला.

टण्ण.

"सर, ये पका हुआ है?"

"हाँ. पूरा," प्रल्हाद म्हणाला. आवाजात किंचित अभिमान होता, तो त्याला नंतर आठवत राहिला.

किन्ले शब्द शोधत होता. "हमारा तो कच्चा होता है, सर. धूप में सुखाते हैं. फिर बारिश आता है, दो साल, तीन साल. फिर मिट्टी हो जाता है." त्याने कपारीतला एक जुना गोळा दाखवला, त्याला आता आकारच उरला नव्हता. "जाना होता है न. जब वो चला जाता है, तब आदमी भी छूटता है. ऐसा बोलते हैं."

"और ये?" उर्वीने विचारलं.

किन्ले प्रल्हादकडे वळला. "ये कितना दिन रहेगा, सर?"

प्रल्हादला हा प्रश्न आयुष्यभर लोकांनी विचारला होता. कंपन्यांनी, सरकारने, पीएच.डी.च्या पोरांनी. उत्तर तोंडातून आपोआप निघालं. "दस हजार साल. आराम से."

आणि मग तो पायरीवर बसला.

*

म्हातारी एक फेरी पूर्ण करून पुन्हा त्यांच्यासमोरून गेली.

"रख दीजिए, सर," किन्ले म्हणाला. "कोई नहीं देखेगा. मैडम का मन था."

"बाबा, ठेव," उर्वी म्हणाली. "प्लीज. एवढ्या लांब आलोय आपण. शी वुडन्ट माइंड."

प्रल्हादने एक त्सा-त्सा पायरीच्या कडेवर आपटून पाहिला. पायरीचा टवका उडाला. त्सा-त्साला काही झालं नाही. हसू यावं अशीच ती गोष्ट होती, आणि सुचित्रा असती तर हसलीच असती: ‘एकही परत आला नाही ना? आता बसा.’

दहा हजार वर्षं. हे सगळे चोर्तेन पडतील, रस्ता जाईल, आणि ही ह्या कपारीत अशीच बसून राहील. थंडीत. तिला थंडी सोसत नसे.

"मी तिला कोंडून टाकलं, उर्वी."

"बाबा."

"तिने ‘इथे’ म्हटलं नव्हतं. ‘असं’ म्हणाली होती."

उर्वी त्याच्याशेजारी बसली. खोका तिच्या मांडीवर उघडा होता, बारा पांढरी टोकं वर. तिने एक आकाशाकडे धरला आणि टोकातून आरपार आलेला उजेड पाहून ती चमकली. तिला उजेडाचं माहीत नव्हतं. बराच वेळ तिने हात खाली घेतला नाही.

"भाजलेलं परत कच्चं होत नाही?" तिने विचारलं. "एनी वे?"

"नाही."

"तू एवढी वर्षं—"

"उर्वी. ते होत नाही. भाजायचं ते त्याचसाठी."

तिने खोका मिटला. नऊच्या नऊ बॅगेत ठेवले, चेन लावली. आणि चेनचा तो आवाज होत असताना प्रल्हादने मान वर केली.

"गॅरेजमध्ये लाल डबा आहे," तो म्हणाला.

*

निघण्यापूर्वी त्यांनी बॅग घेऊनच चोर्तेनना प्रदक्षिणा घातली. प्रल्हाद निघाला तो थेट उलट्या बाजूने. देवळात असं त्याच्या हातून जन्मात झालं नसतं, पण इथे पायाखाली फरसबंदी होती, समोर गाड्यांचा रस्ता होता आणि अठ्ठेचाळीस वर्षं अमेरिकेत गाडी चालवलेली होती. किन्लेने कोपराला धरून त्याला हलकेच वळवलं. उर्वी हसली. आई गेल्यापासून वडिलांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि हसता हसता तिने बॅगेचा पट्टा सावरला, झोपलेलं मूल सावरावं तसा.

परत येताना डलेस विमानतळावर कस्टमच्या ऑफिसरने खोके उघडून विचारलं, पॉटरी? प्रल्हाद म्हणाला, येस.

*

उर्वीने रजा आठवड्याने वाढवली. डब्यातली कात्रणं त्याने वजन न करता पाण्यात टाकली. ती सुटली, बसली, मऊ झाली. ह्या वेळी साच्यात उर्वीने भरलं. तिला जमत नव्हतं, कडा वेड्यावाकड्या निघत होत्या, आणि प्रल्हादने एकदाही हात मध्ये घातला नाही. अकरा झाले. अकरावा बुटका.

"एकशे आठ नाहीत," उर्वी म्हणाली.

"नाहीत."

मागच्या डेकवर तीन दिवस उन्हात ठेवले. एक खार येऊन पाहून गेली. नीनाच्या सांगण्यावरून प्रल्हादने त्यांच्यावर थेंबभर दूध शिंपडलं, आणि एकाचा कोपरा तेवढ्यानेच विरघळला, म्हणून तो घाबरला, आणि मग घाबरायचं कारण नाही हे त्याच्या लक्षात आलं.

स्टेट कॉलेजच्या पूर्वेला माउंट निटनी आहे. नावाला माउंट, सह्याद्रीतल्या माणसाने टेकडीच म्हणावी. सुचित्रा दर रविवारी तिथे जायची, शेवटच्या हिवाळ्याआधीपर्यंत, काठी घेऊन. माथ्याच्या अलीकडे वाट दगडांतून जाते. तिथे एका दगडाखाली हातभर खोल पोकळी आहे. वरून आडोसा, पण तिरका पाऊस आत येतो. जागा उर्वीने शोधली. प्रल्हादने गुडघे टेकले, ते त्याला जड गेलं, आणि एकेक करून अकराही आत ठेवले. खाली झाडांमधून युनिव्हर्सिटीच्या इमारती दिसत होत्या. त्यातली एक त्याची.

फोटो त्याने काढला नाही.

"किती दिवस राहतील?" उर्वीने विचारलं.

प्रल्हादने विचार केला. त्यातली माती, राख, उतार, इकडचा पाऊस, बर्फ. मग म्हणाला, "मला माहीत नाही. कच्च्या मातीवर मी कधी काम केलं नाही."

ती त्याला उठायला हात देत होती तेव्हा पहिले थेंब पडले. दोघंही धावली नाहीत. वाटेत बॅगेतून खोक्याचा आवाज आला नाही, कारण खोके घरी फळीवर होते. त्यातला एक उर्वी फ्रीमाँटला नेणार होती, स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत ठेवायला. बाकी आठांचं काय करायचं ते ठरलं नाही.

*

२०१८च्या ऑक्टोबरात, कपारीपाशी, हे पावसात विरघळून जातात का असं सुचित्राने विचारलं होतं, आणि किन्लेने हो म्हणून, ते का विरघळू द्यायचे ते सगळं सांगितलं होतं. प्रल्हाद त्या वेळी दोन हातांच्या अंतरावर, मापासाठी नाणं ठेवून फोटो काढत होता.